चौकातला दिवा

आपल्या तळ्यात सिग्नल नाही. बाजारपेठेत एस.टी. वळायची असली, की कंडक्टर खाली उतरतो, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, गाडीच्या अंगावर दोन थापा मारतो आणि गाडी वळते. तोच आपला सिग्नल. पण तळ्यात असे घर विरळा, की ज्या घरातले कोणी मुंबईत नाही. कोणाचा मुलगा तिथे कामाला, कोणाची लेक तिथे दिलेली. दुखणेबाणे निघाले तर मोठ्या इस्पितळासाठी जायचे ते तिकडेच. आज ना उद्या आपणा सर्वांना मुंबईच्या चौकात उभे राहावे लागते. समोर तीन रंगांचे दिवे. त्यांतला आपला कोणता आणि गाडीवाल्याचा कोणता, तो कोण लावतो, कोण विझवतो, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आम्हांलाही कोणी सांगितले नव्हते. आमचे सारे आयुष्य शाळेत मुलांना शिकवण्यात गेले, पण ही गोष्ट आम्ही शिकलो ती आमच्या आक्कामुळे.

आक्का आमची थोरली बहीण. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दाखवायला म्हणून तिला घेऊन आम्ही मुंबईला गेलो. इस्पितळ रस्त्याच्या पलीकडे. चौकाचे नाव सांगत नाही, मुंबईत तसे शंभर चौक असतील. दिव्यात हिरवा माणूस दिसला. आम्ही म्हटले, "चल आक्का." निघालो. अर्ध्यावर पोचलो नाही तोच हिरवा माणूस लुकलुकू लागला. आम्ही पाय उचलले. मागे वळून पाहतो तर आक्का रस्त्याच्या मधोमध उभी! दिवा लुकलुकला तशी ती घाबरली, परत फिरावे की पुढे यावे ते तिला कळेना. तेवढ्यात गाड्यांचा दिवा हिरवा झाला आणि दोन्ही अंगांनी मोटारी, रिक्षा, फटफट्या सुटल्या. आक्का हातातली पिशवी छातीशी धरून उभी. एका बसच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून धरली आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना अडवले, म्हणून ती पार झाली.

पलीकडे आल्यावर ती पायरीवर टेकली. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "अरे, हा दिवा नक्की कोणासाठी लावलाय?"

आक्काचा हा प्रश्न आम्ही मनात ठेवला. आमचा भाचा मुंबईत टॅक्सी चालवतो, त्याला विचारले. काही पुस्तके पाहिली. जे हाती लागले ते इथे सांगतो.

आधी जुनी हकिगत ऐका. सिग्नल हा मूळचा रेल्वेचा. रुळाच्या कडेला उंच खांब असे आणि त्याला लाकडी हात असे. हात आडवा असला तर गाडीने थांबायचे, हात खाली पडला तर निघायचे. आपल्याकडे 'सिग्नल पडला' असे म्हणतात ना, ते त्या हातामुळे. आता दिव्यात कोणताही हात वरखाली होत नाही, तरी शब्द राहिला आहे. तो हात रस्त्यावर आणला लंडनच्या लोकांनी. 1868 सालच्या डिसेंबरात तिथल्या पार्लमेंटसमोर रेल्वेसारखा हातांचा खांब उभा केला. रात्री दिसावे म्हणून त्यावर गॅसचे लाल-हिरवे दिवे बसवले. खाली एक पोलीस उभा राहून तो चालवी. त्या वेळी मोटारी नव्हत्या, घोड्यांच्या गाड्यांचीच गर्दी होती. पण महिनाही झाला नाही, 1869 च्या जानेवारीत गॅसचा भडका उडाला आणि पोलीस भाजला. मग बरीच वर्षे त्या वाटेला कोणी गेले नाही.

पुढे मोटारी आल्या. 1914 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात विजेचा सिग्नल लागला. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. पोलीस कडेच्या खोपटात बसून बटण दाबी. हिरव्याचा एकदम लाल झाला, की भरधाव गाडी जागच्या जागी थांबणार कशी? म्हणून 1920 साली डेट्रॉइट शहरात मधला पिवळा दिवा आला. तो आणला विल्यम पॉट्स नावाच्या पोलिसाने. चौकात उभे राहून ज्याचे पाय दुखले त्यालाच हे सुचले, याचे आम्हांला नवल वाटत नाही. पिवळ्याचा अर्थ 'आता लाल होणार आहे, थांबायच्या बेतात या' असा आहे. मुंबईतले पुष्कळ गाडीवाले त्याचा अर्थ 'लवकर पळा' असा घेतात. ती चूक आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. चौकात पोलीस उभा होता तोवर त्याला डोळे होते. या बाजूला गाड्यांची रांग लांबली आहे, त्या बाजूला कोणी नाही, हे तो पाही आणि हात वर करी. म्हातारी माणसे, पोरेबाळे मध्ये अडकली तर गाड्या अडवून धरी. पोलिसाच्या जागी दिवा आला. दिव्याला ऊन लागत नाही, तहान लागत नाही, तो वशिला जाणत नाही. पण त्याला डोळेही नाहीत. त्याच्या पोटात घड्याळ असते. या रस्त्याला 60 सेकंद, त्या रस्त्याला 40 सेकंद असे एकदा लावून दिले, की तो रात्रंदिवस तेच करतो. पहाटे तीन वाजता चौकात चिटपाखरू नसले, तरी लाल तो लालच.

आपल्या पाण्याच्या पाळीवरून हे चांगले कळेल. समजा, गावात पाण्याची एक टाकी आहे आणि चार वाड्या आहेत. पाणी दोन तास सुटते. पंचांनी ठरवले, प्रत्येक वाडीला अर्धा अर्धा तास. घड्याळ लावून पाणी दिले. पण एका वाडीत चाळीस घरे आणि दुसरीत सहा. सहा घरांच्या वाडीचे हंडे दहा मिनिटांत भरतात, उरलेली वीस मिनिटे पाणी वाहून जाते. चाळीस घरांच्या वाडीत मात्र अर्धे हंडे रिकामे आणि भांडणे सुरू. यात पाणी सोडणाऱ्या माणसाचा दोष नाही. तो ठरल्याप्रमाणेच वागतो. दोष असा, की पाळी ठरवताना हंडे मोजले नाहीत.

चौकात पाण्याच्या जागी वेळ असतो. जुना सिग्नल वेळेची पाळी लावतो, पण हंडे मोजत नाही.

तेव्हा शहाण्या लोकांनी विचार केला, की दिव्याला पुन्हा डोळे दिले तर? सिग्नल सुधारणे म्हणतात ते मुख्यतः हेच. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली, थांबायच्या पट्टीच्या अलीकडे, तारेचे एक वेटोळे पुरतात. त्यातून थोडी वीज खेळत असते. वर गाडी येऊन उभी राहिली, की तिच्या धातूमुळे त्या विजेत फरक पडतो. तो फरक खांबाजवळच्या पेटीला कळतो. पेटी समजते, गाडी आली. गाड्या येत आहेत तोवर हिरवा थोडा लांबवायचा, गाड्या संपल्या की लगेच दुसऱ्या बाजूला द्यायचा, असे ती पेटी करते. हल्ली वेटोळ्याऐवजी किंवा त्याच्या जोडीने वर कॅमेरे लावतात. मग असे अनेक चौक तारेने एका मोठ्या खोलीला जोडतात. तिथे संगणक बसलेला असतो. तो सगळ्या चौकांचा हिशेब एकत्र करतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराने 1970 नंतरच्या काळात ही पद्धत बसवली, आणि पुढे ती पुष्कळ देशांत गेली.

एकत्र हिशेब कशासाठी, तेही पाहा. समजा एका चौकापासून दुसरा चौक 500 मीटरवर आहे. गाडी ताशी 30 किलोमीटर वेगाने निघाली तर तिथे पोचायला तिला बरोबर 60 सेकंद लागतात. मग दुसऱ्या चौकातला दिवा पहिल्यानंतर 60 सेकंदांनी हिरवा केला, की गाडीला थांबावेच लागत नाही. पुढचा, त्याच्या पुढचाही तसाच लावता येतो. गाडीवाला ताशी 60 ने धावला तर त्याला काय मिळेल? तो 30 सेकंद आधी पोचेल आणि लाल दिव्यासमोर उभा राहील. आमचा भाचा म्हणतो, "मामा, हे टॅक्सीवाल्याला पहिल्या वर्षात कळतं. नव्या फटफटीवाल्याला कळेपर्यंत त्याचे दोन दात पडलेले असतात."

मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने नागरी वाहतुकीचा मोठा प्रकल्प झाला, त्यात महानगरपालिकेने अडीचशेहून अधिक चौकांचे सिग्नल अशा रीतीने जोडले. पुण्यात स्मार्ट सिटीच्या कामात सव्वाशेच्या आसपास चौकांवर असे पाहणारे सिग्नल आले. काम मोठे आहे आणि उपयोगाचे आहे. पण कागदावर जसे असते तसे रस्त्यावर राहत नाही. रस्ता कशासाठी ना कशासाठी खणला जातो, कधी पाण्याचा नळ, कधी गटार, कधी मेट्रो. कुदळ पडली, की पोटातले वेटोळे तुटते. वेटोळे तुटले की पेटी आंधळी होते आणि पुन्हा घड्याळावर चालू लागते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, दिवे आपले लागतात आणि विझतात. म्हणून सिग्नल बसवण्याइतकाच खर्च आणि लक्ष तो नीट ठेवण्यावर लागते. आपल्याकडे बसवताना नारळ फुटतो, पण दुरुस्तीला नारळ नसतो, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही.

दिवाही बदलला. पूर्वी आत एक मोठा बल्ब असे. तो गेला की सिग्नल काळा आणि चौकात गोंधळ. आता बारीक बारीक दिव्यांची चकती असते, तिला एलईडी म्हणतात. त्यातले चार गेले तरी बाकीचे दिसतात, आणि वीजही कमी लागते.

कॅमेरा केवळ मोजत नाही, साक्षही देतो. मुंबईत 2016 सालापासून ई-चलन आले. लाल दिवा असताना गाडी पुढे दामटली, की तिच्या नंबराचा फोटो निघतो आणि दंडाचा संदेश मालकाच्या फोनवर येतो. हवालदाराशी हुज्जत घालायला जागाच नाही. आमच्या भाच्याला दोन आले आहेत. एक खरा होता असे तो म्हणतो.

मुंबई पोलिसांनी केलेला एक गमतीचा प्रयोग सांगतो. लाल दिव्यापुढे थांबलेले लोक उगाच हॉर्न वाजवतात. पुढचा हलणार कुठे? त्याच्यासमोरही लालच असतो. तर पोलिसांनी काही चौकांत खांबाला आवाज मोजायचे यंत्र जोडले. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत. म्हणजे जो जास्त वाजवील त्याने जास्त थांबायचे. 2020 सालच्या जानेवारीअखेर त्याची चित्रफीत पोलिसांनी लोकांना दाखवली आणि देशभर हसू पिकले. वर्गात पोरे गोंगाट करीत तेव्हा आम्हीही हाच उपाय करीत असू. गप्प बसाल तेव्हा सुट्टी! त्यात एक खोट होती, ती आम्हांला तेव्हा कळली नाही. गोंगाट चौघे करीत आणि चाळीस बसून राहत.

आता आक्काच्या प्रश्नाकडे वळतो, कारण सगळी गोम तिथे आहे.

पुरलेले वेटोळे काय ओळखते? धातू. मोटार आली तर त्याला कळते, बस आली तर कळते. आक्का आली तर त्याला कळत नाही. आक्काच्या पायांत लोखंड नाही! म्हणजे सिग्नलला डोळे आले ते गाडी पाहणारे आले, माणूस पाहणारे आले नाहीत. पुढे संगणक हिशेब करतो तो गाड्यांचा करतो. बसला साधारण तीन मोटारींएवढी धरण्याची रीत आहे. पण बसमध्ये साठ माणसे दाटीने उभी असतात आणि कित्येक मोटारींत एकच साहेब बसलेला असतो. गाड्या मोजल्या तर बस तीन, माणसे मोजली तर साठ. काही शहरांत आता बस जवळ आली की तिच्यासाठी हिरवा थोडा थांबवून धरतात. आम्हांला ते योग्य वाटते.

आणि पायी चालणारा तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याला जी वेळ मिळते ती आधीच ठरवून ठेवलेली असते. ती कशी ठरवतात? पुष्कळ देशांत हिशेब असा, की माणूस एका सेकंदात 1.2 मीटर, म्हणजे चार फूट चालतो. रस्ता 24 मीटर रुंद असेल तर 24 ला 1.2 ने भागायचे. उत्तर 20 सेकंद. झाले काम! पण हा माणूस कोण? तो तरणाताठा आहे, त्याच्या कडेवर मूल नाही, डोक्यावर बोचके नाही, गुडघे दुखत नाहीत. इंग्लंडात 2012 साली पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की 65 वर्षांवरची बहुतेक माणसे या वेगाने चालूच शकत नाहीत. तीही इंग्लंडातली, जिथे फूटपाथ धड आहेत.

आम्ही घरी आल्यावर स्वतः करून पाहिले. दोरीने 24 मीटर मोजले, आमच्या अंगणापासून वडाच्या पारापर्यंत भरले. आक्काला म्हटले, "नेहमीसारखी चाल." हातात घड्याळ धरले. तिला 30 सेकंद लागले. आम्हांला 22 लागले, आणि आम्ही स्वतःला तरतरीत समजत होतो! पुढच्या खेपेला त्याच चौकात उभे राहून दिवा मोजला. हिरवा माणूस आणि लुकलुकणारा हिरवा माणूस मिळून 20 सेकंद. म्हणजे आक्का त्या दिवशी चुकली नव्हती. गणितात आक्काला धरलेच नव्हते.

ही छोटी गोष्ट नव्हे. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. पाचांत एक. त्यांनी ना वेग वाढवला होता, ना दारू पिऊन गाडी हाकली होती. सगळेच काही सिग्नलपाशी गेले नाहीत, पुष्कळ जण गावाच्या वेशीवर, मोठ्या रस्त्यावर गेले. पण पायी माणसाला मोजायचे विसरणे हे दोन्हीकडे सारखेच.

यावर इलाज नाही असे नाही. इंग्लंडात काही ठिकाणी रस्ता ओलांडणारा माणूस दिसेल अशी यंत्रे खांबावर असतात. माणूस अजून मध्येच आहे असे दिसले, की गाड्यांचा लाल दिवा ती लांबवतात. सिंगापूरची युक्ती आम्हांला सर्वांत आवडली. तिथे 2009 सालापासून म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना खांबावरच्या पेटीला आपले कार्ड टेकवायची सोय केली. कार्ड टेकवले, की हिरवा माणूस नेहमीपेक्षा 3 ते 13 सेकंद जास्त थांबतो. आमच्या आक्काला दहाच सेकंद कमी पडले होते. सिंगापूर आक्काला ती दहा सेकंद देते. मोठमोठे संगणक बसवणाऱ्या आपल्या शहरांना तेवढे देणे जड जाऊ नये. काहींच्या मते त्यामुळे गाड्या खोळंबतील. खोळंबतील ना! दहा सेकंद खोळंबतील.

मुंबईत पायी माणसाचा विचार झालाच नाही असे मात्र म्हणू नये. 2020 सालच्या ऑगस्टात दादरला दिव्यातला माणूस बदलून काही ठिकाणी बाई आणली. हिरवी बाई चालते, लाल बाई उभी राहते. आम्ही आक्काला मुद्दाम नेऊन दाखवले. तिचा डोळा तोवर बरा झाला होता. तिने नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "बाई खरी, पण झगा घातलाय. लुगडं नेसवलं असतं तर तिलाही जास्त वेळ लागला असता चालायला, मग कळलं असतं."

आता वाचकांना उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. तुम्ही आता आकडे वाचू शकता, त्याचा इथे फार उपयोग आहे. पुष्कळ सिग्नलवर सेकंद उलटे मोजत येतात, 9, 8, 7 असे. आधी पाहा, तो आकडा कोणाच्या दिव्याखाली आहे. गोल दिव्याखाली असेल तर तो गाड्यांचा. माणसाच्या चित्राजवळ असेल तर तो आपला. गाड्यांचा लाल दिवा 5 वर आला, की गाडीवाल्यांचा हात मुठीवर जातो. भाचा सांगतो, "मामा, 3 ला सगळ्यांचा गिअर पडलेला असतो. 1 ला कोणी थांबत नाही." तेव्हा गाड्यांचा लाल संपत आला असेल तर रस्त्यात पाऊल टाकू नका, समोर कितीही मोकळे दिसो. जिथे पाहणारे सिग्नल बसतात तिथे हे आकडे दाखवणे अवघड होते, कारण हिरवा किती वेळ राहील ते पेटीलाच आधी ठाऊक नसते. तिथे आकड्यांची वाट पाहत बसू नये, चित्राकडे पाहावे.

हिरवा माणूस लुकलुकू लागला, की त्याचा अर्थ नवीन कोणी निघू नये. जो मध्ये आहे त्याने पुढेच जायचे, परत फिरायचे नाही. आक्काला हे ठाऊक असते तर ती मधोमध थबकली नसती. रस्त्याच्या मध्ये उंच दुभाजक असेल आणि दम लागला असेल, तर त्यावर उभे राहून पुढच्या हिरव्याची वाट पाहण्यात कमीपणा नाही. सगळे दिवे बंद असले किंवा पिवळा नुसता लुकलुकत असला, तर तिथे कोणाचीच पाळी लागलेली नाही असे समजावे आणि चार माणसांच्या घोळक्याबरोबर ओलांडावे. पोलीस हात दाखवीत असेल, तर दिवा काहीही म्हणो, पोलिसाचे ऐकायचे.

राहता राहिले आपले इंदापूर. तळ्याचा रस्ता तिथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. त्या महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमची कंबर ते जाणते. पुष्कळ जण म्हणतात, तिथे मुंबईसारखा सिग्नल लावा. आमचे मत जरा वेगळे आहे. जिथे गाड्या सावकाश चालतात तिथे सिग्नल शोभतो. भरधाव रस्त्यावर एकदम लाल दिसला, की पुढची गाडी थांबते आणि मागची तिच्यावर चढते. अशा जागी माणसांसाठी खालून बोगद्यासारखी वाट किंवा वरून पूल बरा. आणि पूल असा असावा, की ज्याच्या पायऱ्या आक्काला चढता येतील. नाहीतर लोक दुभाजकावरून उडी मारतातच, मग पुलाचा उपयोग जाहिराती लावण्यापुरता. गावच्या सभेत हा विषय निघाला, तर बाजूने बोलायला आम्ही येऊ.

आक्का आता मुंबईला जाते ती स्वतःची रीत घेऊन. चौकात पोचल्यावर हिरवा माणूस चालू दिसला तरी ती निघत नाही. तो किती वेळापूर्वी लागला हे तिला ठाऊक नसते. तो हिरवा ती सोडून देते. लाल होऊ देते. पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाशी पिशवी खांद्याला लावून, पदर खोचून उभी राहते. मागून लोक ढकलतात, "आजी, चला ना" म्हणतात. ती हलत नाही. नवा हिरवा लागला, की पहिल्या सेकंदाला तिचे पाऊल पट्ट्यावर असते. दादरच्या एका रुंद रस्त्यावर गेल्या खेपेस आम्ही मागे राहून मोजले. तिला 28 सेकंद लागले. ती पलीकडच्या फूटपाथवर चढत होती, तेव्हा दिव्यातली बाई अजून लुकलुकत होती.